झांबियाचं मीठ खाल्लेला माणूस

खोली दाखवताना घरमालक नळाची वेळ सांगतो, जिन्यात सायकल लावायची नाही म्हणतो. सरांनी मला झांबियाची राजधानी विचारली. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नुकताच स्टोअरमध्ये लागलो होतो आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीत खोली रिकामी आहे असं कळल्यावर ड्युटी सुटल्या सुटल्या तिथं पोचलो होतो. मी नैरोबी म्हणालो. कुठंतरी कानावरून गेलेलं नाव, सुचलं ते ठोकून दिलं.

"नैरोबी केनियाची," सर म्हणाले. "झांबियाची लुसाका. पण खंड बरोबर ओळखलात. खोली घ्या."

खोलीला एकच अट होती. दर शनिवारी संध्याकाळी तासभर त्यांच्याबरोबर क्रांती चौकात उभं राहायचं. कशासाठी ते मी विचारलंही नाही. त्या दिवसांत शहरात खोली मिळणं म्हणजे देव पावण्यासारखं होतं. रोज नवा कारखाना, रोज त्याचा नवा भोंगा, आणि गावाकडून येणाऱ्या एसट्या माणसांनी भरून येत. आमच्या घरात मेंढरं राखणं सोडून नोकरी धरलेला मी पहिलाच. उभं राहा म्हणत होते, डोक्यावर उभं राहा म्हणत नव्हते. मी हो म्हणालो.

आज मला कुठंच, कशासाठीच उभं राहावंसं वाटत नाही. गुडघे धरतात हे एक कारण झालं. दुसरं असं की इतक्या वर्षांत इतके मोर्चे पाहिले, इतक्या घोषणा ऐकल्या, की लांबून नुसता कर्ण्याचा आवाज आला तरी मी शेजारच्या गल्लीत वळतो. माझ्या देखत या शहराच्या विद्यापीठाचं नाव बदललं, मग शहराचंही बदललं. माझा पत्ता मी किती वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिला असेल कोण जाणे. माणूस थकतो. न थकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याजवळ राहून मीच दमलो.

सर भूगोलाचे शिक्षक. मूळचे देवगाव रंगारीचे, शेतीवाडी असलेल्या घरातले. भाऊ जमीन बघत, सर वर्गात अख्खी पृथ्वी बघत. निवृत्तीला आले होते. अंगानं किडकिडीत, पायात चामडी वहाणा, आणि खिशात कायम खोडरबर. खोडरबर अशासाठी की त्यांना चूक दिसली की हात शिवशिवायचे. गुलमंडीत कापडाच्या दुकानात एखादा 'अस्सल जपानी नायलॉन' म्हणू लागला की सर रस्त्यावरूनच ओरडत, "सुरत! सुरत!" एका बँकेनं नकाशाचं कॅलेंडर छापलं, त्यात श्रीलंका नव्हती. सर ते कॅलेंडर घेऊन मॅनेजरकडे गेले आणि श्रीलंका काढून देऊन आले. मॅनेजरनं चहा पाजला. चहात साखर पडत असताना सरांनी त्याला क्यूबाविषयी सांगितलं.

तर या माणसानं कधीतरी पेपरात चार ओळींची बातमी वाचली. झांबियातल्या दवाखान्यांत औषधं उरली नाहीत, कारण तांब्याचा भाव पडलाय आणि परदेशी बँकांचं व्याज भागवता भागवता सरकारच्या हातात काही राहत नाही. कोणीही वाचली असती आणि पान उलटलं असतं. सर त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काय झालं विचारलं तर म्हणाले, "झांबिया, तांबे. एवढंच पोरांकडून घोकून घेत जन्मभर पगार घेतला. त्याच्यावर हे घर उभं राहिलं, पोरीचं लग्न झालं. आणि त्यांच्याकडं तापाची गोळी नाही. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?"

"मीठ मी मोंढ्यातून आनते," काकू म्हणाल्या. "जेवा."

ही गोष्ट मला काकूंनीच सांगितली. त्या सरांच्या बरोबर उलट. ठणठणीत, आवाज मोठा, आणि जगाचा नकाशा त्यांना सरांपेक्षा जास्त पाठ, फक्त तो त्या स्वयंपाकघरात वापरत. तांब्याच्या घागरीला त्या घरात झांबिया म्हणत. कल्हईला बोलिव्हिया, कारण बोलिव्हियातून कथील निघतं. "बोलिव्हिया उडालाय समदा, आंबट नका ठिवू त्यात," असं काकू ओरडल्या की समजायचं, पातेल्याची कल्हई गेली. एकदा घागर गळू लागली तर भर गल्लीत त्यांनी सरांना हाक मारली, "अहो, तुमचं झांबिया बुडालं बघा!" शेजाऱ्यांना काही वाटत नसे. त्यांनाही सवय झाली होती.

बातमी वाचून जेवण टाकणारे बरेच असतील. सरांनी पुढं काम सुरू केलं. दिल्लीत काही लोकांची एक समिती होती. गरीब देशांवरची कर्जं माफ करा, निदान व्याज तरी थांबवा, म्हणून ते खटपट करत होते. सरांनी त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की गावोगावचे लोक एकेका कापडावर सह्या गोळा करताहेत, ती सगळी कापडं एकमेकांना शिवून, कर्ज देणाऱ्या बड्या बँकांची परदेशात बैठक भरेल तेव्हा त्यांच्या दारात अंथरायची आहेत. तुमच्या शहराचं कापड पाठवा.

दुसऱ्या कुणी दोन वार मांजरपाट घेतला असता, कॉलेजच्या दारात उभा राहिला असता आणि आठवड्यात भरून पाठवला असता. सरांनी त्यावर आधी जगाचा नकाशा काढून घ्यायचं ठरवलं. देशांत देशांची नावं, आणि सह्या समुद्रात. जमिनीवर सही करायची नाही, जमीन त्या लोकांची आहे, असं त्यांचं म्हणणं.

नकाशा काढायला पेंटर आला. पेंटरचं नाव होतं, पण सर माणसांना धंद्यावरून हाक मारत. मला स्टोअर म्हणत, त्याला पेंटर. पेंटर तिशीतला, बुटका, कानामागं कायम ब्रश. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या शायऱ्या, कारखान्यांत 'धूम्रपान करू नये', सगळं तोच लिही. नामांतराचा लढा तेव्हा ऐन भरात होता. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे, शहर मधोमध उभं चिरल्यासारखं झालं होतं. पेंटर त्या लढ्यातला माणूस. त्याच्या वस्तीतून निघणाऱ्या प्रत्येक मोर्च्याचे निळे फलक त्याच्याच हातचे, आणि ते तो फुकट लिही. सरांचा समुद्र त्यानं त्याच निळ्या डब्यातून रंगवला. वेगळा डबा आणायला सर पैसे देत होते, पण तो म्हणाला, "कशाला? निळा निळाच असतोय सर."

आफ्रिका सरांनी त्याच्याकडून तीनदा काढून घेतली. मला वाटलं, हा माणूस परत तोंड दाखवत नाही. तो परत तर आलाच, शनिवारी चौकात येऊन उभाही राहू लागला. मी एकदा विचारलं, तुला काय मिळतं यात. म्हणाला, "एवढा मोठा बोर्ड लिवला अन् त्याच्यावर कोनाचंच दुकान नाय. असलं काम परत भेटंल का?"

तर असे आम्ही चौघं. नकाशाला चार कोपरे, कोपऱ्याला एक माणूस. पेंटर अलास्का धरी, सर सैबेरिया, मी न्यूझीलंडपाशी, आणि काकू दक्षिण अमेरिकेच्या पायथ्याशी, दुसऱ्या हातात पिशवी, कारण चौकातून परत जाताना त्यांना भाजी घ्यायची असे. त्या का यायच्या? "हे यकटे गेले तर ट्रकखाली येतील. आभाळाकडं बघून चालत्यात," हे त्यांचं उत्तर.

सह्या मिळवण्याची सरांची रीत ऐकून दिल्लीवाल्यांनी कपाळाला हात लावला असेल. सर परीक्षा घेत. माणूस थांबला की त्याला आधी सगळं समजावून सांगायचं, मग त्याला प्रश्न विचारायचा. तांबं कोणाचं? व्याज कोणाला जातं? बरोबर उत्तर दिलं तर सही, नाही तर पुढच्या शनिवारी. चौकातला पानवाला दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा त्यानं आम्हा चौघांना मसाला पान दिलं. एका मिलच्या कामगारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, त्येंचं माफ करताच हाव तर आमच्या सोसायटीचं बी बघा की." सर म्हणाले, "बघू. रांगेत या. आधी मोझांबिक." तो हसत हसत सही करून गेला. कल्हईवाल्याची मात्र परीक्षा घेतली नाही. त्याला सरांनी गल्लीतूनच बोलावून आणलं आणि बोलिव्हियाच्या बरोबर समोर, पॅसिफिकमध्ये, हाताला धरून अंगठा उठवला. "तुमचा हक्क पहिला," म्हणाले. त्याला काय समजलं देव जाणे.

या रीतीनं समुद्र भरायला वर्षं गेली. मला त्याचा मनापासून कंटाळा यायचा, हे सांगून टाकतो. आठवडाभर कारखान्यात नट-बोल्ट द्यायचे आणि शनिवारी धुरात उभं राहून न्यूझीलंड धरायचं. पण सर प्रत्येक सहीसमोर असे उजळत, की मला सुटी मागता आली नाही.

बंदोबस्ताला चौकात एक हवालदार असे. दर वेळी नियमाप्रमाणे विचारी, "कोणाच्या इरोधात हाय?"

"वॉशिंग्टनच्या," सर सांगत.

"हितलं कोन नाय ना? मग चालू द्या."

नामांतराचं मात्र सर कधी स्वतःहून बोलत नसत. लोक विचारत, कारण त्या काळात प्रत्येकाला आधी हेच विचारलं जाई, तू इकडचा की तिकडचा. आमच्या कारखान्यात तर जेवायची बाकडीसुद्धा वेगळी झाली होती. सरांना विचारलं की ते म्हणत, "मी भूगोलाचा माणूस. लोक स्वतःच्या जागेचं नाव ठरवतात, आपण ते नकाशात लिहायचं. मी रोडेशिया शिकवला, मग तोच झिंबाब्वे म्हणून शिकवला. पुस्तकात खोडून लिहिलं. खोडरबरानं कोणी मेलं नाही."

पेंटरला हे उत्तर आवडत नसे. एका शनिवारी कापडाची घडी घालता घालता तो बोललाच. "सर, तुमचं खोडरबर हाय. आमच्या पोरांची डोकी फुटायलीत. तुमी आमच्या मोर्च्यात एक डाव तरी या की."

सर म्हणाले, "एका फलकावर एकच मागणी असावी पेंटर. दोन लिहिल्या की एकही वाचता येत नाही."

"फलक घरी ठिवून या. मानूस म्हनून या."

 सरांनी घडी चुकीची घातली. नकाशा नेहमी रेखावृत्तावर दुमडायचा हा त्यांचा कायदा होता, त्या दिवशी तो ग्रीनलंडमधून कसाही दुमडला गेला. पेंटर पुढच्या शनिवारी येणार नाही असं मला वाटलं. तो आला, पण महिनाभर त्यानं सरांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला त्या दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकतो, कारण ते नंतर सांगायचा धीर राहणार नाही. सर जाऊन आता कैक वर्षं झाली. ते गेल्यावर काही वर्षांनी पेपरात आलं, की बऱ्याच गरीब देशांची कर्जं बरीचशी माफ झाली, झांबियाचंही झालं. मी पेपर घेऊन काकूंकडे गेलो. त्यांना कमी दिसत होतं, मी वाचून दाखवलं. त्या ऐकून म्हणाल्या, "आता ह्यास्नी कोन सांगायचं?" आणि पदर तोंडाला लावून बसल्या. मलाही रडू आलं. एवढ्या मोठ्या जगाची बातमी, आणि ती ज्याला सांगायची तो एकच माणूस नव्हता.

हां, तर तो शेवटचा शनिवार.

दिल्लीहून तार आली होती. परदेशातली बैठक ठरली, कापडं शिवायला घेतली आहेत, तुमचं ताबडतोब आणा. समुद्र बहुतेक भरला होता, थोडी हिंदी महासागरातली जागा उरली होती. सरांनी रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. नवी वहाण घेतली. काकूंनी दशम्या करायला घेतल्या. आयुष्यात सर शहराबाहेर म्हणून फार तर देवगावला गेलेले, ज्या माणसाला लुसाकाचा पाऊस किती पडतो ते माहीत, त्यानं दिल्ली पाहिली नव्हती. ते इतके खुशीत होते की गल्लीतल्या पोरांना विनाकारण पेपरमिंट वाटत होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात शहर तापलं. दगडफेक झाली, एक-दोन ठिकाणी आग लागली. जमावबंदी लागली. पाच किंवा जास्त माणसं एकत्र दिसली की पोलीस उचलणार. शनिवारी दुपारी काकू म्हणाल्या, "आज चौकात जायचं नाय. कापड भरलंय तेवढं बास झालं."

"जमावबंदी पाचांना आहे," सर म्हणाले. "आपण चार. या शहरात आज कायद्यानं निघू शकेल असा आपला एकच मोर्चा आहे."

 आम्ही गेलो. पेंटर वस्तीतून आडवाटेनं आला. मी त्याला म्हणालो, तू आज यायला नको होतंस. तो म्हणाला, "उद्या जानार हाय ना ते. म्हनलं, येकदा धरून घ्यावं."

दुकानांची शटरं अर्धी खाली होती. रिक्षा नव्हत्या. चौकात आम्ही चौघं, लांब पोलिसांची गाडी, आणि मध्ये जग. कोणी सही करायला येईना. मग बाजूच्या रस्त्यानं पंधरा-वीस पोरांचा घोळका आला. नामांतराच्या विरोधातली पोरं, हातात झेंड्याच्या काठ्या. त्यांनी लांबून निळं कापड पाहिलं आणि ती थेट आमच्यावर आली.

"तुम्ही पाचपेक्षा जास्त आहात," सर त्यांना म्हणाले. शपथेवर सांगतो, पहिलं वाक्य हेच बोलले.

"गप बसा हो," काकू म्हणाल्या.

"कोनाचा झेंडा हाय ह्यो?" पुढच्या पोरानं विचारलं. "निळा कशाला केलाय?"

तेवढ्यात घोळक्यातून एक काळासावळा, मिशी फुटलेला तरुण पुढं आला. "आरं थांबा, थांबा! आमचे सर हायेत. नमस्कार सर, मी आठवी ब मधी होतो." मग दोस्तांकडं वळून म्हणाला, "नकाशा हाय त्यो. समुद्र हाय. सर, सांगा ना ह्यांना."

पुढच्या पोरानं पेंटरकडं बोट केलं. "नकाशा हाय तर ह्यो हितं काय करायलाय? ह्याच्या हातचे बोर्ड वळखतो मी. ह्याला आमच्याकडं सोडा. तुमी तुमचा नकाशा घिऊन घरी जा, कोन हात लावनार नाय."

इतकं सोपं होतं सगळं. समुद्र म्हणायचं, कोपरा सोडवून घ्यायचा, कापड गुंडाळायचं. सकाळी गाडी. पेंटरनंच हळू आवाजात सांगितलं, "सांगा सर. समुद्रच हाय की. मी जातो निघून."  पळून तो कुठवर जाणार होता, ते आम्हालाही दिसत होतं आणि त्यालाही.

जन्मभर या माणसानं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ते थांबले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला.

"समुद्र आहे," ते म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात. "पण निळा ह्याच्या बोर्डांचाच आहे. डबा एकच. तेव्हा तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. आणि ह्या कापडाला चार माणसं लागतात. त्याला सोडून ते घरी जाणार नाही."

आठवी ब वाल्या पोरानं डोळे मिटून घेतले. पुढं काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येत नाही. धक्काबुक्की झाली, काकू जोरात ओरडल्या, कोणाची तरी काठी फिरली. ती सरांवर आली होती असं मला वाटतं, पण लागली पेंटरच्या डोक्याला. तो खाली पडला तो कापडावरच. रक्त इतकं आलं की पोरं जागच्या जागी घाबरली. पोलिसांची शिट्टी वाजली, घोळका फुटला आणि गाडी त्यांच्या मागं गेली.

मी रिक्षा बघायला धावलो, रिक्षा कुठली असायला. परत आलो तर सर कापड फाडत होते. ज्या कापडाला ते बोटाचा डाग लागू देत नसत, त्याची कड दातात धरून त्यांनी टर्रकन पट्टी काढली आणि पेंटरच्या डोक्याला गुंडाळली. काकू म्हणाल्या, "अहो, माझा पदर घ्या की. ते दिल्लीला जायचंय." सरांनी ऐकलंच नाही. आणखी एक पट्टी फाडली. सह्या होत्या त्यावर. पानवाल्याची असेल, त्या मिल कामगाराची असेल, मी वाचली नाही.

"उचला," सर म्हणाले. "कोपरे धरा."

कापडाची झोळी करून न्यायचं होतं. आम्ही तिघंच होतो, चौथा कोपरा लोळत होता. काकूंनी दोन कोपरे धरायचा प्रयत्न केला, पण त्यांचं बळ पुरेना. इतक्यात आठवी ब वाला परत आला. तो पळाला नव्हता, पानाच्या टपरीमागं उभा होता. त्यानं अलास्काचा कोपरा मनगटाला गुंडाळला. आम्ही उचललं. पेंटर तसा बुटका, पण बेशुद्ध माणूस फार जड होतो. रस्त्याला लागल्यावर कारखान्यात माल टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं कोण, कुठला, काही विचारलं नाही. मला अजून त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

सरकारी दवाखान्यात टाके घालताना केसांत चिकटलेलं कापड कापून काढावं लागलं. उरलेलं रक्तानं भिजलेलं बोचकं वॉर्डबॉयनं कोपऱ्यात सारलं. काकूंनी त्याच्याकडं पाहिलं, मग सरांकडं. सरांनी मान हलवली, असू दे अशी. आठवी ब वाला भिंतीशी उकिडवा बसून होता, त्याच्या मनगटावर कापडाचा वळ उठला होता. सर त्याला म्हणाले, "घरी जा. आई वाट बघत असेल." तो गेला. तो पुढं कुठल्या बाजूला राहिला, मला माहीत नाही. पुन्हा कधी भेटला नाही.

पेंटर रात्री शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, निभावेल. आणि निभावला तो, आजही आहे, फक्त पाऊस येणार असला की त्याचं डोकं दुखतं. त्यानं डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? "सर, तुमची गाडी?"

"गाडी रद्द," सर म्हणाले. "झोप." आणि त्याच्या पायावर हात ठेवून बसले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या मोर्च्याला येईन मी." पेंटर झोपला होता. त्यानं ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. सर त्यानंतर प्रत्येक मोर्च्याला जाऊ लागले. देवगावच्या भावांनी येणं-जाणं तोडलं, तेही त्यांनी सहन केलं. कापड मात्र पुन्हा कधी काढलं नाही.

मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या शनिवारांचं त्या कोपऱ्यात बोचकं झालं होतं. मी म्हणालो, सर, थोडं धुऊन पाठवता येईल का. ते म्हणाले, "स्टोअर, दिल्लीला कळवायला हवं. ते वाट बघतील."

तारघर उघडं होतं. ट्रंक कॉल लावला. बाकावर चार-पाच माणसं आपापल्या नंबराची वाट बघत होती, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, प्रत्येकाला कुठंतरी आपण सुखरूप असल्याचं कळवायचं होतं. लाइन लागली तेव्हा पलीकडून समितीच्या बाई बोलत होत्या, आणि खरखर इतकी की सरांना एका कानात बोट घालून ओरडावं लागत होतं. सरांचं हिंदी आमच्या गल्लीचंच होतं.

"हॅलो! औरंगाबाद! कपडा नहीं आता मॅडम!"

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं.

"क्या? नहीं, नहीं. चोरी नहीं हुआ."

पुन्हा त्यांनी विचारलं असावं.  बाकावरची माणसं त्यांच्याकडं बघू लागली. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर पेंटरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"जला भी नहीं मॅडम! खराब नहीं हुआ! कपडा इधरच काम आ गया!"